कुकरला नळी जोडली म्हणजे ऊर्ध्वपातन यंत्र होत नाही

‘कुकरची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवा, ती बादलीभर पाण्यातून फिरवा, गळती नको म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हही बुजवा, गुलाबजल, गवती चहाचे तेल आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी सुट्या भागांच्या एकाच यंत्रातून मिळेल, आणि पहिली धार फेकली तर दारूसुद्धा निर्धोक निघेल’, असा मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या गटांवर फिरतो आहे. घरी अर्क काढू नये असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः गच्चीवर काढतो आणि म्हणूनच हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

खरी गफलत बादलीत आहे. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता सोडते. त्यामुळे 15 लिटरची बादली पहिला अर्धा लिटर अर्क जमेपर्यंतच साधारण 18 अंशांनी तापते. एप्रिलच्या दुपारी टाकीतले पाणी मुळातच कोमट असल्याने पुढचा अर्क गरम येऊ लागतो, मग थेंबांबरोबर वाफही बाहेर पडते आणि ज्या सुगंधासाठी खटाटोप केला तोच हवेत जातो. म्हणून आखणी भांड्यापासून नव्हे, शीतकापासून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भागापासून सुरू करावी: नळीभोवती दुसरी रुंद नळी, थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर, आणि ते खेळते ठेवायला कूलरचा छोटा पंप.

शिट्टी काढली की दाब उरत नाही, हे नळी मोकळी असेपर्यंतच खरे. एकदा माझ्या नळीच्या तोंडाशी गवती चहाच्या पात्याचा जेमतेम नखाएवढा तुकडा अडकला. थेंब थांबले, खाली आच मात्र चालूच होती. मी गॅस बंद केला आणि भांडे पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवलेला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. तेव्हापासून पाला जाळीवर ठेवतो, नळी रुंद वापरतो आणि कुकरऐवजी साध्या पातेल्याचे झाकण कणकेने लिंपतो, कारण दाब वाढलाच तर तो सांधा आधी सुटतो.

यंत्र सुट्या भागांचे असावे, हे मला मान्य आहे. पण ते भाग कामाप्रमाणे बदलायला हवेत. फुलांच्या अर्कासाठी तांबे उत्तम, आणि तशी नळी वळवून द्यायला कसब्यातली तांबट आळी आहेच. मात्र बॅटरीच्या पाण्यात तांब्याचा अंशही नको, त्याने बॅटरी आपोआप उतरू लागते; तिथे स्टीलचा वेगळा शीतक लावावा.

तेलाबद्दल थोडक्यात: एक किलो ताज्या गवती चहातून 2 ते 5 मिलिलिटर तेल मिळते. गुलाबाचे तेल घरी विसरावे, गुलाबजलावर समाधान मानावे.

दारूची ओळ सर्वांत घातक आहे. परवान्याशिवाय ती गाळणे महाराष्ट्रात गुन्हा आहेच. शिवाय विषारी मिथेनॉल 65 अंशांना आणि दारूतले इथेनॉल 78 अंशांना उकळते म्हणून ती ओळीने बाहेर पडतात आणि पहिल्या धारेबरोबर विष निघून जाते, हा समज चुकीचा आहे. मिश्रणात दोन्ही एकत्रच वाफ होतात आणि साध्या भांड्यातून मिथेनॉल शेवटपर्यंत येत राहते. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.