गंधार ऐकू येतोय ना?

मिरजेला निघालोय, असं पुण्यात कुणाला सांगू नये. मी सांगितलं आणि पंधरा मिनिटांत आत्याचा फोन आला. "काय झालंय रे? हार्ट की किडनी?"

मिरजेला माणूस दोनच कामांसाठी जातो, असं तिचं गणित. एक, ऑपरेशन करून घ्यायला. दोन, ज्याचं झालंय त्याला बघायला. शंभराहून जास्त वर्षं अर्ध्या दक्षिण महाराष्ट्राची आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाची दुखणी त्या गावाने निस्तरली आहेत, त्यामुळे तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही.

"तंबोरा आणायला चाललोय," मी म्हणालो.

पलीकडे शांतता. मग हळूच, "तिला दे जरा फोन."

मी बावन्नाव्या वर्षी गाणं शिकायला लागलो. या वयात काहीतरी होतं माणसाला. कुणी हिमालयात ट्रेकला जातो, कुणी शेअर बाजारात. त्या मानाने माझा उपद्रव कमी आहे, असं माझं मत. खालच्या मजल्यावरच्या काकांचं वेगळं आहे. दोन वर्षं मी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर भागवलं. पट्टी, म्हणजे आपला सा किती उंच ते, बोटाने निवडायची, सूर कधी उतरत नाही, तार तुटत नाही. फक्त ऐन आलापात 'सर, पर्सनल लोन' म्हणत एखादी मुलगी यायची आणि षड्ज बंद पडायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ताई, म्हणजे आमच्या गुरू, म्हणाल्या, "बंद करा तो. तंबोरा नाहीये तो, तंबोऱ्याचा फोटो आहे. खरा घ्या. मिरजेला स्वतः जा, ऐकून घ्या. चांगल्या तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो, तेवढा बघा."

मी वहीत लिहिलं: गंधार बघणे.

घरी येऊन वाचलं तेव्हा भानगड कळली. तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची जाडजूड पितळी, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. गंधाराची, म्हणजे सारेगमतल्या 'ग'ची, तारच नाही. तरीही जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, नीट असेल आणि तारा नीट लागल्या असतील, तर त्या घुमण्यातून गंधार आपला आपण वर येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. कारणही साधं आहे. तार नुसती एकसंध थरथरत नाही. ती मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशीही थरथरत असते, आणि त्या पाचपटीत गंधार सापडतो. मला हे चांगलं समजलं. ऐकू कधी आलं नव्हतं, एवढंच.

बाकी सल्ले फुकट मिळाले. भोपळ्याला चीर नाही ना बघ. दांडी बंदुकीसारखी डोळ्यासमोर धर, वाकलेली नको. खुंटी पिळून सोड, मागे फिरते का बघ. क्लासमधला एकजण म्हणाला, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, टिचकी मारायची, आवाजावरून सगळं कळतं. टिचकीचा मला दांडगा अनुभव आहे. तीस वर्षं मी मार्केट यार्डात कलिंगडं टिचकी मारून घेतोय आणि तीस वर्षं घरी आतून पांढरी निघतायत. बायकोने सल्ला दिला नाही. तिने टेप दिली. फ्रिज आणि चपलांचं कपाट यांच्यामधला कोपरा तिने मोजला होता. "वर देव्हारा आहे. साडेचार फुटांच्या वर काही आणू नका."

मिरज स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने बॅग उचलली. "कुठलं हॉस्पिटल?"

"सतारमेकर गल्ली."

त्याने मला एकदा खालीवर बघितलं आणि बॅग माझ्या हातात परत दिली. निरोगी गिऱ्हाइकाने आपलं सामान आपण उचलावं, असं असावं.

गल्ली दर्ग्याच्या जवळच आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला घेतली, असं सांगतात. घराणं मूळचं शिकलगारांचं, तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचं. इंग्रजांच्या राज्यात तलवारींचं गिऱ्हाईक आटलं आणि मिरजेत गाण्याचं वाढत होतं. किराणा घराण्याचे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ पुढे इथेच राहिले. १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही याच दर्ग्याच्या आवारात झालं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. डिसेंबरात पुण्यात सवाईच्या मांडवात बसून मी वर्षानुवर्षं गवयापेक्षा त्याच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या पोरांकडे जास्त बघत आलोय. तासन् तास चार तारा. शिंक नाही, खोकला नाही, चेहऱ्यावर माशी बसली तरी हात हलत नाही. सोपं वाटायचं.

दुकान म्हणजे पुढे दुकान आणि मागे कारखाना. लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि जिकडे बघावं तिकडे भोपळे. फळीवर, फळीखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर. हे खायचे भोपळे नव्हेत, कडू जातीचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून कडक झालेले. त्यात एकासारखा दुसरा नसतो, कारण ते शेतात वाढतात, साच्यात नाही. दांडीचं लाकूड तुणाचं. एक पोरगा दोन पायांत भोपळा धरून त्याच्या गळ्यापाशी किसणी चालवावी तसं काहीतरी करत होता. सत्तरीच्या आसपासचे एक चाचा मांडी घालून बसले होते.

गाडीत मी थोडा अभ्यास केला होता. "२०२४ साली तुमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, नाही का?"

"मिळालं की," चाचा म्हणाले. "बसा. पट्टी कुठली?"

हा प्रश्न असा विचारतात, जसा दवाखान्यात रक्तगट विचारतात. उत्तर माहीतच असणार, असं धरून.

"काळी दोन," मी म्हणालो. पेटीची दुसरी काळी पट्टी. खरं तर मोबाइलवर माझं बोट तिथे पडायचं, म्हणून काळी दोन.

"बघू. सा लावा."

मी लावला. भुसा झाडणारा पोरगा थांबला. चाचांनी शेजारच्या तंबोऱ्याची जोड छेडली, खुंटी जराशी उतरवली, परत छेडली, आणखी उतरवली. मग मान हलवून म्हणाले, "तुम्ही दोनलाच गाताय साहेब. आवाज मात्र एकला जाऊन बसतोय. काळी एकचा घ्या, मर्दानी."

ते 'मर्दानी' ऐकून मला बरं वाटलं, तेवढ्यात टेप आठवली. मर्दानी तंबोरा म्हणजे जवळजवळ पाच फूट. जनानी आखूड असतो, कोपऱ्यात बसला असता.

"जनानी नाही का चालणार?"

"काळी चारला गाणार का?"

मी मनातल्या मनात काळी चारला सा लावून बघितला. मनातल्या मनातही चिरकला.

चाचांनी तीन तंबोरे समोर आडवे ठेवले. पहिला छेडला. "ऐका." दुसरा छेडला. "आता ह्यो." तिसरा छेडला. "कळला ना फरक?"

"बराच," मी म्हणालो. पहिला 'आंऽऽ' म्हणाला होता, दुसरा 'आंऽऽ' आणि तिसरा 'आंऽऽ'. भोपळ्याची चीर बघितली, दांडी बंदुकीसारखी धरली (मागच्या बाकावरची एक बाई वाकून बाजूला झाली), तबलीवर टिचकीही मारली. चाचांनी ते सगळं शांतपणे होऊ दिलं. शेवटी मी मधल्यावर बोट ठेवलं, कारण त्याच्या भोपळ्यावर हस्तिदंती रंगाची नक्षी होती. "कान आहे तुम्हाला," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काही दिसतंय का, ते मी बघितलं. दिसलं नाही. हा धंदा त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे.

मग जवारी. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा हातभर अंतरावरून बघितलं, आणि तेवढ्यासाठी परत मिरजेला जायची माझी तयारी आहे. तबलीवर हाडाची घोडी असते, बोटभर रुंद, वरून सपाट दिसणारी. सपाट नसते. तिला डोळ्याला न दिसणारा उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत थरथरली पाहिजे. चाचांनी तार सैल करून बाजूला घेतली, घोडीवर कानस एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. फुंकर. तार परत जागेवर. छेडून बघितली, मान नाही म्हणाली. पुन्हा तार बाजूला, आता कानस नाही, नुसता पॉलिशपेपर, तोही अंगठ्याच्या टोकाने. फुंकर. मग सुताचा एक तुकडा तारेखाली घातला आणि नखाने ढकलत ढकलत पुढे नेला. एका जागी तार मुकी. खाटेच्या पट्टीवर मारल्यासारखा ठक्क आवाज. तांदळाच्या दाण्याएवढं सूत सरकलं आणि तीच तार एकदम दोन्ही नाकपुड्यांतून बोलायला लागली. हे मला कळलं! खरंच कळलं. मी एवढा खूश झालो की पुढचं सगळंही कळेल, असं मला वाटायला लागलं.

एव्हाना कर्नाटकातून आलेला एक विद्यार्थीही शेजारी येऊन बसला होता. चाचांनी पंचम लावला, जोड लावली, आणि बोटं फिरवायला लागले. विद्यार्थ्याने डोळे मिटले. मीही मिटले. बराच वेळ गेला.

"काय साहेब, गंधार ऐकू येतोय?"

"अहाहा," मी म्हणालो. "स्पष्ट."

तारा थांबल्या. मी डोळे उघडले. चाचा माझ्याकडे अतिशय प्रेमाने बघत होते.

"येईल, येईल. खर्ज लावायचाय अजून."

त्यानंतर मला घासाघीस जमली नाही. बायकोने सांगितलं होतं, निम्म्यापासून सुरू करा. पण ज्या तारेतून गंधार यायचा, ती लागायच्या आधीच ज्याला तो ऐकू आला, त्याने भाव कुठल्या तोंडाने पाडायचा? २८ हजार मोजले. गवसणीचे वेगळे. चाचांनी वर एक खडू फुकट दिला. "खुंटी घसरली तर लावा. पावसाळ्यात लागतोय." तारा उतरवून, घोडी बांधून, गवसणी घालून, वर माझीच गोधडी गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा तो लहानपणी झोपेत उचललेल्या चुलतभावाएवढा जड लागला.

रात्रीची महालक्ष्मी. खालचा बर्थ माझा होता. त्याच्यावर तंबोरा आडवा केला आणि मी पायथ्याशी उरलेल्या वीतभर जागेत बसलो. समोर धोतर-टोपीतले एक गृहस्थ होते. ते बराच वेळ गोधडीकडे बघत होते. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "वडील का?"

"नाही हो, हा..."

"असू द्या. बोलू नका." त्यांनी खिडकी लावली. वारा लागू नये म्हणून. "ऑपरेशन कधी झालं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात गाडीने जोरात हिसका दिला आणि गोधडीतून, उतरवलेल्या तारांतून, 'ङंऽऽऽ' असा एक खोल आवाज आला.

"कण्हत्यात," गृहस्थ उठून उभे राहिले. "भूल उतराया लागली. पाणी द्या जरा ओठांवर."

तंबोरा आहे, हे पटवून द्यायला मला गवसणीची गाठ सोडून खुंटी दाखवावी लागली. ती बघूनही ते दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा पुढे केला. "घ्या. तुमचीबी तब्येत सांभाळा."

घरी देव्हारा वीतभर वर गेला आणि चपलांचं कपाट जिन्यात. देवाला उचलावं लागलं याबद्दल मी आठवडाभर ऐकलं; त्यात कुठलाही सूर मला चुकला नाही. आठवडाभर मी तारा लावत होतो. पंचम लागला की जोड उतरायची, जोड लागली की खर्ज. बाहेर जून. खडू संपला. मुलाच्या जुन्या दप्तरातून रंगीत खडू काढले, म्हणून आता एक खुंटी गुलाबी आहे.

शेवटी रविवारी ताई घरी आल्या. पाय दुमडून बसल्या, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. चार मिनिटं. मग डोळे मिटून बोटं फिरवत राहिल्या. मी समोर बसलो, चेहऱ्यावर मिरजेतलाच भाव. स्वयंपाकघरात बायको मेथी निवडत होती. तिने आयुष्यात एकही सूर शिकलेला नाही. ती मेथीची जुडी हातात घेऊन दारात आली.

"अहो ताई, हे मधूनच वरती 'ग' कोण म्हणतंय? बारीक आवाजात?"

ताईंचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला येतोय ना ऐकू?"

"मिरजेपासून," मी म्हणालो.