उसने बुडवायचेत? पपायरस वापरा

हातउसने घेतलेले पैसे परत करायचे नसतील, तर व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका. तिथले स्क्रीनशॉट निघतात. धनकोला प्रेमाने सांगा, बाबा रे, तुला काय तगादा लावायचा तो पपायरसवर, म्हणजे इजिप्तच्या लव्हाळ्याच्या कागदावर लाव, आणि डिमॉटिक, म्हणजे तिथल्या रोजच्या व्यवहाराच्या जुन्या लिपीत लाव. मग पाय पसरून बसा. दोन-सव्वादोन हजार वर्षांत बाकीचं काम वाळवी करते.

मी हे पाहून सांगतोय. परवा रात्री साडेअकराला माझ्याच मेसेजखालच्या दोन निळ्या खुणा बघून झोप उडाली, म्हणून प्राचीन इजिप्शियन पत्रांचे फोटो चाळत बसलो. (लोक अशा वेळी रील्स बघतात, मला हा नाद आहे.) त्यात एक निघालं: तळहाताएवढं, कडा कुरतडलेल्या, मधोमध घडीवर चीर. विषय थकलेल्या पैशांचा. भाषांतरात शब्दांपेक्षा चौकटी कंसच जास्त, म्हणजे तिथला मजकूर गेलेला. रक्कम किती? कंस. कुणाकडे थकलीय? कंस. वर्ष शाबूत आहे, पण कुठल्या राजाचं ते कळत नाही. पत्रावर नुसता राज्यवर्षाचा आकडा टाकला की तेव्हा भागायचं. धड उरलाय तो ‘चांदी’ हा शब्द. डिमॉटिकमध्ये चांदी आणि पैसा एकच, जसा आपला रुपया रौप्याच्या घरातला. मागणाऱ्याची कळकळ टिकली, घेणाऱ्याचं नाव गेलं. बुडव्याला आणखी काय हवं?

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

लिपी हीच का, तर ही लिपी इ.स.पू. ७व्या शतकात आली, तिचा तारीख असलेला शेवटचा लेख दक्षिण इजिप्तमधल्या फिलेच्या देवळात इ.स. ४५२ मध्ये कोरला गेला, आणि मग ती वाचणारं कुणी उरलं नाही. रोझेटा शिळेवर, म्हणजे एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलेल्या दगडावर, मधल्या ३२ ओळी तिच्याच, शेजारी ग्रीक मजकूर आयता, तरी विद्वानांना घाम फुटला. शिकागो विद्यापीठाने तिचा कोश १९७०च्या दशकात हाती घेतला तो २०१२ साली हातावेगळा झाला. कोशाला इतकी वर्षं लागतात, मग तुमच्या ‘दोन दिवसांत देतो’ला लागली तर बिघडलं कुठे?

रकमेचा आकडा बरोब्बर घडीवर येईल असं बघा.

पत्र मगरीला द्या. थट्टा नाही. १९०० साली इजिप्तमधल्या तेब्तुनिसच्या उत्खननात माणसांच्या ममींऐवजी देवाच्या म्हणून ममी केलेल्या मगरींच्याच रांगा निघाल्या, एका मजुराने वैतागून एक मगर फोडली, तर ती जुन्या पपायरसांत गुंडाळलेली! कुणाकुणाचे हिशेब, अर्ज, करार त्या रद्दीत गेले होते. तगाद्याचं पत्र देवाच्या मगरीला गुंडाळलं की पुण्यही पदरात.

साक्षीदार नकोत. टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवरच्या ग्रीक राजघराण्याच्या काळात करारनाम्याच्या पाठीवर १६-१६ साक्षीदारांची नावं असत. आपला व्यवहार टपरीवर होतो. साक्षीला फक्त टपरीवाला, आणि त्याची उधारी तुमच्याकडेच.

तारण तर बिलकूल नको. एका राजाने बापाची ममी तारण ठेवून कर्ज घ्यायचा कायदा केला होता, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. कर्ज फेडलं नाही तर स्वतःलाही कबर नाही.

आता शपथेचं. डिओडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या बोकोरिस राजाचा कायदा नोंदवलाय: कागद नसेल आणि ऋणको म्हणाला मी देणं लागत नाही, तर त्याने शपथ घ्यायची आणि मोकळं व्हायचं. (कागद असेल तर व्याज मुदलाच्या वर जायचं नाही, म्हणजे आपलं दामदुप्पटच.) सोपं वाटतं ना? पण शपथ देवळाच्या दारात, देवासमोर घ्यावी लागे. मेदिनेत हाबू या इजिप्तमधल्या देवळाच्या परिसरात अशा शपथांची खापरंच्या खापरं सापडली आहेत. खापरावर मजकूर आधी लिहिलेला असे, आणि शपथ घेतली तर काय, नाकारली तर काय, तेही खाली मांडलेलं. खोटं बोलायचं तर देवाच्या तोंडावर बोला! आणि इथे? ‘आईशप्पथ, सोमवारी टाकतो.’ कुठला सोमवार? मार्चपासून सोमवारच उजाडला नाही का? एकदा सर्व्हर डाऊन, एकदा लिमिट संपलं, एकदा फोन बायकोकडे. त्यापेक्षा खापरावर लिहून दिलं असतंस तर निदान डोक्यात घालायला उपयोग झाला असता.

माफ करा, सूचना राहिल्या.

पत्राचा मायना बघा. इराणी अमलातल्या डिमॉटिक पत्रांत वरच येतं: प्रे, म्हणजे सूर्यदेव, तुमचं आयुष्य वाढवो. आधी दीर्घायुष्य चिंतायचं आणि मग कामाचं काढायचं. मीही तेच केलं. ‘काय रे, बरा आहेस ना? काकूंचा गुडघा कसा आहे?’ आणि तिसऱ्या ओळीत, जीभ चावत, ‘जमलं तर बघ ना.’ जमलं तर! माझेच पैसे, आणि अजिजी मीच करतोय. ‘गैरसमज नको’ असंही वर लिहिलं. लाज मला वाटते, हात माझे थरथरतात, आणि घेणारा खुशाल स्टेटसला नव्या गाडीचा फोटो टाकतो: बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू.

बास झाली मगर आणि ममी. ४५,००० रुपये, पोराची फी म्हणून नेलेस. मी एफडी मोडली, बायकोला आठ दिवस सांगितलं नाही. तुझ्यावर वेळ आली असती तर सहा महिने काय, वर्षभर थांबलो असतो, पण एक फोन कर ना! ‘पैशांवरून मैत्री तोडणार का’ म्हणून मलाच विचारतोस, त्याही चारचौघांत? निर्लज्जपणाची हद्द आहे. मेसेज वाचलेला मला दिसतो. पैसे ज्या नंबरवरून आले होते तोच नंबर आहे, बदललेला नाही. आज रात्री टाक.