भावी डॉक्टरांनी मन कसे आवरावे

भावी डॉक्टरहो, रुग्णाला त्याच्या नावाने हाक मारण्याचा मोह सर्वप्रथम आवरावा. नाव लक्षात राहिले की पाठोपाठ त्याचा व्यवसाय, घरची माणसे आणि त्याला वाटणारी भीतीही लक्षात राहू लागते. त्यापेक्षा ‘बारा नंबरचे लिव्हर’ हे संबोधन सुटसुटीत. वॉर्डात कोणाची वाढलेली प्लीहा हाताला लागते आहे अशी वार्ता पसरताच सात जणांनी खाटेभोवती रांग लावावी, गार हातांनी आळीपाळीने पोट दाबावे, ‘लागली, लागली!’ म्हणत एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहावे, आणि चादर पूर्ववत करण्याचे काम सातव्यावर सोडावे. सातव्याने ते सिस्टरवर सोडावे.

हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकिकत, घेताना रुग्णाला बोलू देणे हा नवशिकेपणा होय. बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांना 1984 साली असे आढळले होते की, डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचे बोलणे मध्येच तोडतात. तुम्ही तरुण आहात. हा विक्रम मोडण्यास तुम्हाला वाव आहे.

सहानुभूती मात्र ऑस्कीसाठी, म्हणजे टेबलामागून टेबल घेत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, राखून ठेवावी, कारण तेथे तिला गुण असतात. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीसमोर किंचित पुढे झुकावे, ‘तुमच्यावर काय बेतले असेल, ते मी समजू शकतो’ असे म्हणावे, आणि डोळे पाणावलेच तर घड्याळाच्या बाजूचा कोरडा ठेवावा. घंटा होताच वाक्य जेथे असेल तेथे सोडून पुढच्या टेबलाकडे निघावे.

राग आवरण्याची तर गरजच नाही, तो पाण्यासारखा उताराकडे वाहू द्यावा. विभागप्रमुखांनी राऊंडवर रुग्णादेखत निवासी डॉक्टरांचा पाणउतारा केला, तर त्यांनी ‘येस सर’ म्हणून तो इंटर्नकडे, इंटर्नने तुमच्याकडे आणि तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलाकडे पोहोचता करावा. प्रवाह उलटा फिरवण्याच्या फंदात पडू नये. वरच्या अंगाला इंटर्नल मार्कांचा बांध घातलेला असतो.

एवढे करूनही मन हेलावलेच, तर नामवंत डॉक्टर व वैद्यकशिक्षक विल्यम ऑस्लर यांचा आधार घ्यावा. 1889 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील नव्या पदवीधरांसमोर बोलताना त्यांनी थोडा बधिरपणा अंगी बाणवण्याचा सल्ला दिला होता. त्याच वाक्यात पुढे, असे करताना अंतःकरण मात्र निबर होऊ देऊ नका, असेही ते म्हणाले होते. पण तेवढा भाग परीक्षेला येत नसल्यामुळे सोडून दिला तरी चालेल.

राहता राहिला तुमचा रूम पार्टनर. तो रात्र रात्र छताकडे पाहत पडतो, मेसला येत नाही, पोस्टिंग बुडवतो. जगभरातील अभ्यासांच्या 2016 मधील एका आढाव्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती, म्हणजे यात विशेष असे काही नाही, हे त्याला पटवून द्यावे. ‘सगळ्यांनाच होतं रे, अटेंडन्स तेवढा सांभाळ’ असे म्हणून दार ओढून घ्यावे. तत्पूर्वी त्याच्या फार्मॅकच्या नोट्स मागून घ्यायला विसरू नये.