मोबाइल सगळं वाचून दाखवत नाही

‘आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो, अंधांसाठी वेगळं काही करायची गरज उरलेली नाही,’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. ब्रेल कालबाह्य झालं, एका ओळीच्या कोडने संकेतस्थळ दिव्यांगस्नेही होतं, कायद्याने सक्ती नाही, असंही त्यात म्हटलंय. अंध मुलांच्या पालकांच्या ग्रुपवरही तो पोचला आणि खाली धडाधड अंगठे उमटले, म्हणून हे लिहावं लागतंय.

त्यात तथ्य आहे ते एवढंच: फोनमुळे पुष्कळ सोय झाली. नोट कितीची आहे हे रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप २०२० पासून सांगतंय. पण तिथून थेट ‘पीडीएफ टाकली की टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) ती मराठीत वाचतो’ इथवर उडी मारलीय, आणि सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने होतं.

स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचा कोड वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या आजच्या पद्धतीत, टाइप केलेलं ‘मराठी’ तो ‘मराठी’ असंच वाचेल. तोच शब्द कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केला, तर डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. मुलाच्या कानावर तीच पडतात. परिपत्रकं, प्रश्नपत्रिका, डीटीपीवाल्याकडून आलेल्या पुस्तिका अजूनही अशा जुन्या फाँटांत तयार होतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी कचरा आला तर फाँट जुना. ओळ सिलेक्टच होत नसेल तर स्कॅन. जुन्या फाँटातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर मुद्रितशोधन हवंच, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. स्कॅन असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करून ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर, वापरा; दोन स्तंभ किंवा तक्ता असला की ओळी एकमेकींत घुसतात, त्या हाताने सोडवाव्या लागतात. वर्डमध्ये शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल द्या आणि पीडीएफ ‘सेव्ह ॲज’ने करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरलंत तर हेडिंगच्या खुणा गळून पडतात. वर्डची फाइलही सोबत द्याच. युनिकोड असूनही पीडीएफमध्ये जोडाक्षरं पुष्कळदा तुटतात.

‘ब्रेल कालबाह्य झालं’ म्हणे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ कानाला सारखेच लागतात. नुसतं ऐकून शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कुठून कळणार? स्क्रीन रीडर एकेक अक्षर सुटं करून सांगतो हे खरं, पण अख्खा धडा कुणी तसा वाचत नाही. आणि ज्याला ऐकूही येत नाही, त्याला बोलणाऱ्या मोबाइलचा काय उपयोग?

संकेतस्थळावर एका ओळीचा कोड टाकला की ते दिव्यांगस्नेही होतं, हेही खोटं. त्या कोडने कोपऱ्यात येणारं चिन्ह अक्षरं मोठी करतं, रंग उलटे करतं. ज्याला याची गरज असते त्याच्या फोनमध्ये ही सोय आधीपासून असते. ‘अर्ज भरा’ या बटणाला कोडमध्ये नावच दिलं नसेल, तर स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’ म्हणतो. अमेरिकेत ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असा कोड विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अशाच दाव्यांसाठी १० लाख डॉलर भरायला लावले.

राहिलं ‘कायद्याने सक्ती नाही’. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ वाचा: ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल, हे पाहायची जबाबदारी सरकारवर आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि केवायसीबाबत (ग्राहकाची ओळख पडताळण्याबाबत) २० निर्देश दिले. तिथेही अडचण फोनची नव्हती. ‘डोळे मिचकवा’ ही पडताळणीची पायरी ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना आणि अंधांना ओलांडता येत नव्हती, आणि न्यायालयाने बदलायला सांगितली ती ही पायरी.