डोंगर भाड्याने द्यायचा का?

गोव्यातल्या सत्तरीहून दादाचा फोन आला. घरामागच्या डोंगरातली काजूची जुनी बाग एक कंपनी पंधरा वर्षांच्या भाड्याने मागते आहे. तिथे अकेशिया नि निलगिरी लावायची, दर चार-पाच वर्षांनी तोडायची आणि लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, करून कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकायचे. "कोळशापेक्षा बरे ना? तू तिकडे असतेस, तुला ठाऊक असेल," दादा म्हणाला. मग वहिनीने फोन घेतला. तिला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी तयार करायच्या आहेत.

एकाच डोंगरावर ही दोन्ही कामे होणार नाहीत. पोर्तुगालमधल्या कोइंब्रात राहते म्हणून मी हे इतक्या खात्रीने सांगते.

पोर्तुगालच्या जंगलाचा सुमारे चौथा हिस्सा निलगिरीचा आहे. ती लावली मुख्यतः कागदाच्या लगद्यासाठी, पण लागवडीची रीत तीच: एकच जात, दाट ओळी, ठरलेल्या वर्षी तोड. आग लागली की तेलकट पाने भडकतात आणि सुटलेल्या सालीचे जळते तुकडे वाऱ्याबरोबर पुढच्या डोंगरावर जाऊन पडतात. १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाव ग्रांदेला वणवा लागला, त्यात ६६ माणसे गेली. कितीतरी जण पळून जाताना रस्त्यातच मोटारींत अडकले.

याच भागात शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या दगडाची जुनी गावे आहेत. पर्यटनासाठी अशा २७ गावांचे एक जाळे केले, युरोपीय निधीतून घरे दुरुस्त केली, पायवाटा आखल्या. त्यांतले एक फेरारिया दे साँव ज्वाँव. त्या जूनमध्ये आग वेशीपर्यंत आली, आणि बुचाच्या ओकांच्या जुन्या राईने ती अडवली. नंतर गावकरी बैठकीला बसले. गावाभोवतीच्या शंभर मीटरच्या पट्ट्यातली निलगिरी उपटून तिथे स्थानिक झाडे लावायची, असे ठरले. जमिनीचे तुकडे लहान, मालक पुष्कळ, तरी एकेकाची संमती मिळवत त्यांनी ते केले. मी ती राई पाहिली तेव्हा आमच्या देवराईची आठवण येऊन गळा दाटला.

पर्यटनाने इथे सगळे सुरळीत झाले, असे मात्र मी दादाला सांगणार नाही. दगडी घरे शनिवार-रविवारी भरतात, सोमवारी गावात म्हातारी माणसेच उरतात.

आता वीज नि उष्णतेचा हिशेब. हेक्टरी वर्षाला दहा टन सुके लाकूड मिळाले असे धरू. किलोमागे साधारण एक युनिट वीज, म्हणजे १०,००० युनिट. नुसती उष्णता घेतली तरी ४०,००० युनिटांच्या आसपास. तेवढ्याच जागेतले सौर पॅनेल वर्षाला सहा लाखांहून अधिक युनिट देऊ शकतात. खाणींनी उघडी-बोडकी केलेली सपाट जमीन सत्तरी-सांगे-डिचोलीत पडून आहे. ती सोडून काजूच्या बागेला हात का लावायचा? मुरगाव बंदरातल्या कोळशाचा लोकांना किती जाच होतो ते मला कळते, पण त्याचे उत्तर या डोंगरात नाही. काजू तर आजही बी देतो, बोंडूची हुर्राक नि फेणी देतो, आणि छाटलेल्या फांद्या भट्टीला पुरवतो.

आग आपल्याकडे लागत नाही, असेही म्हणवत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात सात्रेच्या बाजूला वणवे लागले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. मिश्र रानाची ही गत, तर अकेशिया-निलगिरीच्या ओळींचे काय होईल? शिवाय कुळागराला पाणी देणारी झर त्याच डोंगरातून येते. ती आटली तर सुपारी, मिरी, नारळ, सगळेच गेले.

तांबडी सुर्लाचे कदंबकालीन देऊळ पाहायला किनाऱ्यावरची गाडी सकाळी येते नि दुपारी परत जाते. गावाकडे चहाचे पैसे राहतात, तेवढेच. माणूस रात्री राहिला तर तांदूळ, कोकम, गड्याची मजुरी, वाट दाखवणाऱ्या पोराचा रोज, असे पैसे चार घरांत जातात. सत्तरीतल्या ब्रह्माकरमळीला जाणाऱ्यालाही सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीहून हलवलेल्या ब्रह्मदेवाची गोष्ट गावच्याच माणसाने सांगावी. वहिनीच्या दोन खोल्या मला म्हणून मोलाच्या वाटतात.

खरी अडचण कागदाची आहे. सत्तरीतल्या मोकाशाच्या, म्हणजे जुन्या राजवटींनी इनाम दिलेल्या, जमिनींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर जमीन नाही, मग खोल्यांसाठी कर्ज मागताना तारण काय ठेवायचे? आणि कंपनी करार नेमका कोणाशी करणार? मी हे विचारले तेव्हा दादाला सांगता आले नाही.

त्याने अजून सही केलेली नाही. शिगम्यानंतर मांडावर, म्हणजे गावाच्या जमण्याच्या जागी, वाड्यातली माणसे बसणार आहेत. फेरारियाच्या लोकांनी काय ठरवले नि कसे केले, ते मी मराठीत दोन पानांत लिहून पाठवले आहे. वहिनी ते तिथे वाचून दाखवणार आहे.