‘निरंक’ लिहायला शिका

नगरसेवक व्हायचंय ना? मग वाढदिवसाचे फ्लेक्स तूर्त गुंडाळून ठेवा आणि कागदपत्रांना लागा. 2017 नंतर पुणेकरांना महापालिकेचं मतदान थेट 2026 च्या जानेवारीत मिळालं. पुढच्या खेपेला किती वेळ आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वय 21 पूर्ण लागतं, ते आपोआप होतं. मतदार यादीत नाव लागतं, ते मात्र आपोआप होत नाही. घरात शौचालय असून ते वापरता, याचाही दाखला लागतो. हसू नका, त्यालाही रांग असते. खरी मेख पोरांची. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं की तुम्ही बाद. काही जण मग घाईघाईने सौभाग्यवतींना उभं करायला निघतात. पोरं तिचीही आहेत, हे वकिलाकडे गेल्यावर लक्षात येतं.

मिळकतकर भरून टाका. एरवी बिल आलं की ‘पत्ता चुकलाय’ म्हणणारे अर्ज भरायच्या आठवड्यात थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी खिडकीशी ताटकळताना दिसतात. अनधिकृत बांधकाम तुम्ही, जोडीदाराने किंवा तुमच्यावर अवलंबून असणाऱ्याने केलं, तर पद जातं. म्हणून साइड मार्जिनमधला, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेतला गाळा मेव्हण्याच्या नावावर असावा. कमावता मेव्हणा यातल्या कशातच बसत नाही. लोकशाहीत मेव्हण्याचं स्थान काय, ते मला हा नियम वाचला तेव्हा कळलं.

आता शपथपत्र. उमेदवाराची संपत्ती, शिक्षण, गुन्हे मतदाराला कळले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवलं. 2013 मध्ये आणखी बजावलं की रकाना कोरा सोडायचा नाही. इथे नीट लक्ष द्या. कोऱ्या रकान्याने छाननीत अर्ज उडू शकतो. आणि खोट्या? निवडणूक निर्णय अधिकारी खऱ्याखोट्याचा तपास करत बसत नाहीत. ज्याला शंका त्याने कोर्टाची पायरी चढावी. तोवर तुमची टर्म संपलेली असते. तेव्हा काहीतरी लिहा म्हणजे झालं, आणि त्यासाठी सरकारी मराठीने ‘काही नाही’साठी एक सुरेख शब्द घडवून ठेवलाय: निरंक.

गुन्हे मात्र लपवू नका. नुसता दाखल गुन्हा आड येत नाही, आड येते ती शिक्षा. कलमांचे आकडे ओळीने लिहा. मतदाराला चारशेवीस सोडून एकही पाठ नसतो.

गेल्या निवडणुकीत एका क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावलेलं शपथपत्र मी उभ्या उभ्या वाचलं. व्यवसाय: समाजसेवा. उत्पन्नाचा स्रोत: शेती. शेती: मुळशीत, वडिलोपार्जित, दीड एकर. सोनं: पत्नीकडे, 40 तोळे. वाहन: निरंक. तेवढ्यात दारात पांढरीशुभ्र एसयूव्ही थांबली आणि साहेब स्वतःच उतरले. मागच्या काचेवर हातभर अक्षरांत त्यांचंच नाव. ड्रायव्हरला विचारलं, गाडी कुणाची?

“मेव्हण्यांची,” तो म्हणाला.