रँकएल घातलं की ऑस्टिओक्लास्ट तयार? नाही

ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड झिजवणारी पेशी. रँकएल हे तिला घडवणारं प्रथिन, आणि रँक हा ते पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर. हाडांवरच्या नोट्समध्ये हे चार ओळींचं टिपण सर्रास फिरतं: 'ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशीवर रँक हा रिसेप्टर मुळातच असतो. रँकएल मिळालं की पेशी तयार. पॅराथायरॉइड हार्मोन तिला थेट चेतवतं, कॅल्सिटोनिन थांबवतं.'

'रँक मुळातच असतो.' असतो, पण अगदी कमी. आधी असतो सी-एफएमएस हा दुसरा रिसेप्टर. त्याला एम-सीएसएफ हे वाढ-प्रथिन मिळालं की रँक वाढतो. म्हणून उंदराच्या मांडीच्या हाडातली मज्जा काढून त्यात नुसतं रँकएल ओतलं तर हाती काही लागत नाही. आधी दोन-तीन दिवस एम-सीएसएफ द्या, मिलिलिटरला 30 नॅनोग्रॅम. ते चालू ठेवूनच 50 नॅनोग्रॅम रँकएल घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदला. रँकएल घातल्यापासून चार-सहा दिवसांत बहुकेंद्रकी पेशी, म्हणजेच ऑस्टिओक्लास्ट, दिसू लागतात. मधेच एम-सीएसएफ तोडलं तर पेशी मरतात. रँक मोजायचा असेल तर पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जाण्याचा धोका असतो. थंड ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशी सोडवणारं रसायन) वापरा.

'रँकएल मिळालं की तयार.' इथे खरी मेख आहे. पेशींच्या माध्यमातल्या सीरममध्ये जिवाणूंचं एलपीएस (त्यांच्या बाह्य आवरणातला पदार्थ) असेल आणि ते रँकएलच्या आधी पोचलं, तर सी-एफएमएसचा बाहेरचा भाग कापला जातो, रँकही घटतो आणि पेशी मॅक्रोफेजच (जंतू गिळणारी पेशी) राहते. तेच एलपीएस रँकएलनंतर आलं तर उलट ऑस्टिओक्लास्ट वाढतात. पदार्थ एकच, वेळ वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या कामातही असंच दिसलं: आयएल-3 हे पेशींमधलं संदेश-प्रथिन पूर्वज पेशींवरचा सी-एफएमएस घटवतं आणि त्यांना मॅक्रोफेजकडे वळवतं. 2005च्या त्यांच्या शोधनिबंधात टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचे दोन्ही रिसेप्टरही आयएल-3मुळे कमी झालेले दिसतात.

'पॅराथायरॉइड हार्मोन थेट चेतवतं.' मुख्य रस्ता तो नाही. त्याचा रिसेप्टर असतो तो ऑस्टिओब्लास्ट (हाड बांधणारी पेशी) आणि ऑस्टिओसाइटवर (हाडात रुतलेली पेशी). तिथे रँकएल वाढतं, रँकएलला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन घटतं आणि मग ऑस्टिओक्लास्ट हलतात.

'कॅल्सिटोनिन थांबवतं.' थांबवतं, पण त्याचा रिसेप्टर उशिरा येतो, एनएफएटीसी1 (ऑस्टिओक्लास्टची जनुकं चालू करणारं प्रथिन) चढल्यावर. पहिल्या दिवशीच्या पेशींवर कॅल्सिटोनिन घालून 'परिणाम नाही' लिहिणं म्हणजे दार बसवण्याआधीच कडी वाजवणं. शिवाय कॅल्सिटोनिन सतत दिलं तर ते स्वतःचाच रिसेप्टर आणि त्याचा एमआरएनए घटवतं, आणि एक-दोन दिवसांत हाड पुन्हा झिजू लागतं. ऑस्टिओक्लास्ट तयार झाल्या का हे पाहताना ट्रॅप रंगावर (ट्रॅप हे विकर दाखवणारा रंग) मात्र फार विसंबू नका, काही मॅक्रोफेजही तो घेतात. तीन किंवा जास्त केंद्रकं असलेल्या पेशी मोजा आणि दंतिनाच्या (दाताचा कठीण भाग) चकतीवर खड्डे पडतात का ते पाहा.